दात्यांची ओढ आणि हाताची जागा

चाळीस दात्यांचे दहा इंची गोल पाते साध्या विजेच्या मोटरला थेट जोडलेले असले, की ते मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेते. पात्याचा परीघ ८० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दात्याचे टोक सेकंदाला ३८ मीटर धावते. ताशी १३६ किलोमीटर. एका सेकंदात एकाच बिंदूवरून १,९०० दाते जातात. काही बिनसले हे डोळ्यांना दिसून हात मागे घेईपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, आणि तेवढ्यात ३८० दाते येऊन गेलेले असतात.

बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर, कुठल्याही गावच्या लाकूडकामाच्या दुकानात नव्या पोराला ‘सांभाळून रे बाबा’ असे बजावले जाते. त्या बजावण्यात माया असते, पण ३८० दात्यांपुढे चपळाई कामाला येत नाही. कामाला येते ती हाताची जागा, आणि ती मोटर सुरू होण्याआधीच ठरवावी लागते. ठरवायची कशी, हे एका प्रश्नावर अवलंबून आहे: दाते लाकडाला कुणीकडे ओढणार, आणि स्वतः कुणीकडे जाऊ पाहणार?

लाकूड दोन तऱ्हांनी तोडले जाते. शिरांना छेदून गेले तर ते आडवे कापणे, शिरांच्या दिशेने गेले तर ते उभे चिरणे. बुलडाणा जिल्ह्यात ही दोन कामे पूर्वापार वेगळ्या जागी होतात. ओंडका चिरायला आरामशीनवर जातो. तिथून निघालेल्या फळ्या आणि पट्ट्या मापात आडव्या कापण्याचे काम वाढई आपल्या दुकानात करतो. मृग लागण्याआधी तिफण, वखर, डवरे दुरुस्तीला येतात तेव्हा बाभळीचे तुकडे, लग्नसराईत दिवाण-कपाटांसाठी सागाच्या पट्ट्या, घरबांधणीच्या दिवसांत दाराच्या चौकटी. लाकडे बदलतात, आडवी काप तीच राहते. या आडव्या कापेसाठीच शंभर वर्षांपूर्वी एक खास यंत्र जन्माला आले. रेडियल आर्म सॉ.

अमेरिकेत लाकूडकामाच्या एका कारखान्यावर देखरेख करणाऱ्या रेमंड डिवॉल्टने १९२२-२३च्या सुमारास ते बनवले आणि त्याला ‘वंडर वर्कर’ असे नाव दिले. पेनसिल्व्हेनियातल्या लिओला गावात त्याची कंपनी उभी राहिली. आज खामगावच्या हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या-काळ्या रंगाची जी डिवॉल्ट अवजारे दिसतात, त्या नावाचे मूळ हे यंत्र आहे. डिवॉल्टच्या आधी लांब फळी आडवी कापायची तर जड फळीच पात्यावरून सरकवावी लागे. त्याने उलटे केले. फळी टेबलावर स्थिर ठेवली, आणि मोटर व पाते दोन्ही एका लोखंडी बाहूला टांगून फळीवरून ओढता येतील असे केले. बाहू हव्या त्या कोनात फिरतो, पाते तिरके होते, बारा फुटांची चौकट जागची हलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरे झपाट्याने उभी राहिली, तेव्हा ही यंत्रे हजारो कारखान्यांत आणि नंतर घरोघरच्या गॅरेजांत पोहोचली.

बुलडाणा जिल्ह्यात असे पूर्ण यंत्र क्वचितच पाहायला मिळेल. पण त्याचे धाकटे भावंड, म्हणजे पुढे-मागे सरकणारा मायटर सॉ, मॉड्युलर फर्निचरवाल्यांकडे आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडे आता आले आहे. म्हणून मोठ्या भावाचा स्वभाव समजून घेणे इथल्या कारागिरालाही उपयोगाचे आहे.

रेडियल आर्म सॉपुढे माणूस उभा असतो. टेबलाच्या मागच्या बाजूला एक उभी आडपट्टी असते, तिला फळी टेकवलेली. पात्याची घरची जागा त्या आडपट्टीच्याही मागे. मोटर सुरू झाली की पात्याची खालची कड माणसापासून दूर, आडपट्टीकडे धावते. हे मुद्दाम तसे केलेले आहे. दाते फळीला मागे आणि खाली दाबतात, त्यामुळे ती आडपट्टीला चिकटून राहते, उसळत नाही. फळीच्या दृष्टीने हे चांगले झाले. पण फळी जितक्या जोराने मागे ढकलली जाते, तितक्याच जोराने पाते पुढे, माणसाच्या दिशेने येऊ पाहते. बैलगाडीचे चाक जमिनीला मागे रेटते आणि गाडी पुढे जाते, तसे हे पाते लाकडावर चढून पुढे धावू पाहते. कठीण गाठ लागली, दाते बोथट असले किंवा घाई केली, तर ते एकदम झेप घेते आणि लाकडात रुतून मोटर अडते, नाहीतर फळी ओलांडून पोटाशी येते.

इथे नवशिक्याची समजूत नेमकी उलटी होते. यंत्राला मूठ आहे, ती धरून पाते आपल्याकडे आणायचे आहे, म्हणून तो ओढतो. खरे काम ओढण्याचे नाहीच. पाते स्वतःच येत असते. उजव्या हाताने त्याला थोपवायचे, ते येईल तितके सावकाश येऊ द्यायचे. जाणकार कोपर जवळजवळ सरळ आणि मनगट ताठ ठेवतात, कारण वाकलेल्या कोपरात झेप रोखण्याची ताकद नसते. मोटरचा आवाज खाली बसू लागला की पाते फार वेगाने खात आहे, असे समजून हात आणखी आवरायचा.

डावा हात फळी धरतो, आणि अपघात घडतो तो बहुधा त्यालाच. पात्याच्या मार्गापासून तो किमान १५ सेंटिमीटर लांब हवा. टेबलावर दोन्ही बाजूंना लाल रंगाने त्या रेषा मारून ठेवाव्यात, म्हणजे अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. अंगठा बाहेर पसरलेला नको, बोटांशी मिटलेला हवा. दोन्ही हात एकमेकांवरून ओलांडून कधीही कापू नये: उजवीकडचा तुकडा डाव्या हाताने धरायला गेले की दंड पात्याच्या वाटेत आडवा येतो. फळी इतकी आखूड असेल, की रेषेबाहेर हात ठेवून धरताच येत नाही, तर ती हाताने धरायची नाही. शिकंज्याने आवळायची, किंवा लांब फळीतूनच आधी मापे काढून घ्यायची. उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नव्हे, थोडे बाजूला.

आता लहान वाटणाऱ्या पण अपघाताचे मूळ असलेल्या काही गोष्टी. आडपट्टीच्या बुडाशी भुसा साचतो. त्यावर फळी टेकवली की ती पुरती बसत नाही. दात्यांचा दाब आला की ती मागे सरकते, कापेच्या दोन कडा पात्याला चिमटतात आणि पाते झेप घेते. म्हणून दर कापेआधी तो कोपरा ब्रशने झाडायचा, हाताने किंवा फुंकरीने नाही. वाकलेली फळी असेल तर तिचा फुगीर भाग आडपट्टीकडे ठेवायचा, म्हणजे काप मिटत नाही, उघडते. काप पूर्ण झाली की पाते आधी आडपट्टीमागे परत न्यायचे, मगच फळी हलवायची. फळी हलवून मग पाते मागे ढकलणे ही सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि एखाद्या दिवशी तुटलेला तुकडा पात्याच्या मागच्या दात्यांत अडकून उडतो.

पात्याची निवडही याच ओढीवर ठरते. लाकूड चिरायच्या पात्याचे दाते पुढे झुकलेले असतात. ते आक्रमकपणे खातात. तेच पाते वरून ओढायच्या यंत्राला लावले तर त्याची झेप दुप्पट ओढाळ होते. रेडियल किंवा सरकत्या मायटर सॉला दाते किंचित मागे झुकलेले पाते लावतात, म्हणजे ते स्वतःहून लाकडावर चढत नाही. दुकानात पाते मागताना केवळ व्यास आणि दात्यांची संख्या सांगून भागत नाही, हा झोकही विचारावा लागतो. आपल्याकडे ते फार कमी जण विचारतात, ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

सरकत्या मायटर सॉची गंमत अशी, की पाते त्याच दिशेने फिरते, पण काम उलट्या क्रमाने करायचे असते. मोटर-पात्याचे डोके वर उचललेले असताना आधी आपल्याकडे ओढून घ्यायचे, मोटर पूर्ण वेगात आली की खाली आणायचे, आणि मग आडपट्टीकडे ढकलत कापायचे. का? कारण इथे पाते उचलता येते. ढकलताना हाताचा जोर आणि पात्याची स्वतःची धाव एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून पाते ताब्यात राहते. हे न समजता एखाद्याने मायटर सॉ चालू ठेवून लाकडातून आपल्याकडे ओढला, तर तो चढून वर येतो. रेडियलला उचलण्याची सोय नाही, म्हणून तिथे थोपवत ओढणे हाच मार्ग. दोन्ही यंत्रांवर एकच कारागीर काम करणार असेल, तर हा फरक त्याला कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवला पाहिजे.

रेडियल आर्म सॉचे खरे दुर्दैव उभ्या चिरण्यात आहे. बाहू फिरवून पाते आडपट्टीला समांतर करता येते, आणि मग फळी त्याखालून ढकलून चिरता येते. सोय आकर्षक आहे. पण इथे पाते स्थिर आणि फळी चालती, म्हणजे डिवॉल्टने जे सुरक्षित केले ते पुन्हा उलटे झाले. फळी दात्यांच्या विरुद्ध दिशेनेच घालावी लागते. चुकून दुसऱ्या टोकाकडून घातली, तर दाते आणि फळी एकाच दिशेने जातात, पाते ती हातातून हिसकावून समोरच्या भिंतीवर फेकते, आणि तिच्यावर टेकलेला हात तिच्याबरोबर पात्याखाली जातो. म्हणूनच अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत या यंत्राच्या गार्डवर पात्याची दिशा ठळक दाखवणे आणि मागच्या बाजूला ‘या टोकाकडून चिरू नये’ अशा अर्थाची कायमची धोक्याची पट्टी लावणे बंधनकारक आहे. त्याच नियमांत आणखी एक साधी सूचना आहे: यंत्र बसवताना पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे मूठ सुटली तरी डोके आपोआप मागे, घरच्या जागी जाईल. उतार माणसाच्या बाजूने वापरण्याची ही कल्पना फार शहाणी आहे, आणि तिला खर्च लागतो तो चार पातळ चकत्यांचा.

नियम असूनही यंत्रांत उणिवा राहिल्या. १९५८ ते १९९२ या काळात सीअर्सच्या दुकानांतून ‘क्राफ्ट्समन’ नावाने विकल्या गेलेल्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म सॉ यंत्रांसाठी नोव्हेंबर २००० मध्ये दुरुस्तीची घोषणा करावी लागली. त्यांच्या पात्याचा खालचा भाग पुरेसा झाकलेला नव्हता. ती बनवणाऱ्या एमर्सन टूल या कंपनीने नवे गार्ड फुकट द्यायचे ठरवले, आणि ज्यांना ते बसत नव्हते त्यांना मोटरचा भाग परत केल्यास शंभर डॉलर. अमेरिकेतल्या कुणा मराठी कुटुंबाने जुने घर घेतले आणि गॅरेजमध्ये असे यंत्र सापडले, तर वापरण्याआधी त्याचा मॉडेल क्रमांक तपासून घ्यायलाच हवा.

चिरायचे काम आरामशीनकडेच ठेवण्याची जिल्ह्यातली जुनी रीत या दृष्टीने योग्य आहे. आरामशीनचे पट्टा-पाते वरून खाली धावते. ते लाकडाला सरळ टेबलावर दाबते, माणसाकडे फेकत नाही. बोट तिथेही जाऊ शकते, पट्टा तुटूही शकतो, पण लाकूड उलटून छातीत बसण्याचा धोका फार कमी. टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर चिरणे मात्र वेगळे. त्याचे मागचे दाते खालून वर येतात. ओली बाभूळ चिरताना आतला ताण सुटतो, मागची चीर मिटते, पात्याला पकडते, आणि ते मागचे दाते फळी उचलून चिरणाऱ्यावर भिरकावतात. यावर उपाय म्हणून पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी करतात. ती चिरेत शिरून दोन्ही भाग वेगळे ठेवते. १९४८च्या कारखाने कायद्याच्या २१व्या कलमाने यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची सक्ती केली, आणि त्याखालच्या लाकूडकामाच्या नियमांत ही पट्टी, वरचे गार्ड आणि ढकलण्याची काठी या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख आला. २३व्या कलमाने पुरेसे शिकवल्याशिवाय अल्पवयीन कामगाराला धोकादायक यंत्रावर उभे करायला मनाई केली. पण दोन-तीन माणसांचे दुकान ‘कारखाना’ या व्याख्येत सहसा बसत नाही. तिथे निरीक्षक येत नाही. जे करायचे ते मालकालाच मनावर घेऊन करावे लागते.

आणि अशा दुकानांतले सर्वांत मोठे संकट रेडियल सॉ नाही, हातातला मार्बल कटर आहे. फरशी कापण्यासाठी केलेले हे छोटे यंत्र मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते. त्याला ११० मिलिमीटरचे लाकडाचे पाते बसवले, की दात्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या पुढे जातो. फरशीच्या चकतीला दातेच नसतात, ती घासून कापते. म्हणून या यंत्राला खालचे मिटणारे गार्ड नसते, आणि लाकूड मिटले तर चीर उघडी ठेवणारी पट्टीही नसते. पाते अडकले की कटर उलट मांडीकडे किंवा पोटाकडे येतो. स्वस्त आहे, पिशवीत मावतो, साइटवर नेता येतो, ही त्याच्या लोकप्रियतेची कारणे खरी आहेत. पण लाकडासाठी केलेला हातातला सर्क्युलर सॉ, ज्याचे खालचे गार्ड काप संपताच स्प्रिंगने मिटते, तो विकत घेणे हा चैनीचा खर्च नाही.

इथल्या लाकडांचाही विचार हवा. सागात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका असते. साध्या पोलादी पात्याची धार ती लवकर मारते, म्हणून सागाला कार्बाइडची टोके असलेले पाते लागते. ज्ञानगंगेच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात ओळखीचा असलेला अंजन देशातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी आहे. त्यात पाते घाईने घातले की झेप ठरलेली. जुने वाडे उतरवून निघालेले सागवान उत्तम वाळलेले, पण खिळ्यांनी भरलेले असते. रंधा मारण्याआधी नव्हे, कापण्याआधीच त्यावरून चुंबक फिरवावा. खिळ्यावर आदळून निखळलेले कार्बाइडचे टोक डोळ्यात जाते. चष्मा त्यासाठीच. नाकाला मास्कही हवा: लाकडाची बारीक धूळ नाकातल्या कर्करोगाचे कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवले आहे.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गळ्यात शेला टाकून काम करण्याची पद्धत आहे. फिरत्या पात्याजवळ शेला, सैल बाही, मनगटातला दोरा आणि कडे, यांतले काहीच नको. सुती हातमोजेही नकोत. दाते कातडीला कापतात, पण मोज्याला पकडून सगळा हात आत ओढतात.

मग विजेचा प्रश्न. काप चालू असताना वीज जाते, माणूस बटण तसेच सोडून चहाला जातो, किंवा पात्यात अडकलेली ढलपी काढायला वाकतो. वीज येते आणि पाते आपोआप सुरू होते. यावरचा उपाय जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवर टांगलेला आहे: हिरव्या आणि लाल बटणाचा स्टार्टर. वीज गेली की त्यातली कॉइल सुटते, आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर चालत नाही. रात्री-अपरात्री वीज आली की पंप सुरू व्हावा, म्हणून शेतकरी त्याला ‘ऑटो’ जोडतात. विहिरीवर ते ठीक. पण तोच जुना स्टार्टर करवतीला लावताना ऑटोची वायर आठवणीने काढून टाकावी. आणि पाते बदलताना किंवा साफ करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पिनच सॉकेटमधून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावी.

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रत्येक बोटाची किंमत लिहिलेली होती. कमाईची क्षमता किती टक्के गेली, या हिशेबाने अंगठा ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे ५०. अंगठ्याला तर्जनीच्या दुप्पट मोल आहे, कारण त्याच्याशिवाय पकडच नाही. पण जो हात पटाशी धरतो, रेषा आखतो, त्याचे नुकसान या आकड्यांत पुरते मोजले जात नाही.

तरीही कधी बोट तुटलेच, तर पहिल्या काही मिनिटांत काय केले यावर पुष्कळ ठरते. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यायचा आणि हात उंच धरायचा. हळद, चहापत्ती, डिझेल, काहीही लावायचे नाही. तुटलेला भाग भुशातून शोधून स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून असे थंड ठेवलेले बोट बारा तासांपर्यंत, कधी त्याहून अधिक काळही जोडण्याजोगे राहू शकते. खामगावहून अकोला पन्नासेक किलोमीटर, बुलडाण्याहून छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आसपास. वेळ हाताशी असतो. निघण्याआधी फोन करून त्या रुग्णालयात सूक्ष्मशस्त्रक्रियेने बोट जोडणारा सर्जन आहे का, हे विचारून घ्यावे आणि नसेल तर थेट दुसरीकडे गाडी वळवावी.